पापांनी सांगितलेलं माझं गाव

“प्रिस्का! या तंबूत प्रिस्का नावाची एक विधवा आहे. ऊठ मुली, उभी राहा!”

तंबूतल्या आठशे माणसांनी एकदम माना वळवल्या. चौथ्या रांगेत एक बाई थरथरत उभी राहिली. ती माझी धाकटी बहीण.

“तुझं गाव मला दिसतंय,” तंबूत प्रार्थना घेणारे प्रेषित पापा हेझेकाया डोळे मिटून म्हणाले. “मुकोशी! आणि तुझ्या गावाचा सरदार... थांबा, देवदूत जरा हळू बोलतोय... चितोंदो! सरदार चितोंदो! खरं की खोटं?”

“खरं, पापा!”

“आणि तुझ्या फोनचे शेवटचे आकडे चार, शून्य, नऊ. खरं की खोटं?”

“खरं!” एवढं म्हणून प्रिस्का मागे कोसळली. दोन सेवकांनी तिला अलगद झेललं. झेलण्याचा त्यांना चांगलाच सराव होता. “घेतलं, पापा, घेतलं!” असा लोकांनी गजर केला. काय घेतलं, हे कुणी विचारलं नाही. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे आम्हाला पुढच्या पाच दिवसांत कळायचं होतं.

पापा इंग्रजीत बोलत. शेजारी उभा असलेला निळ्या कोटातला दुभाष्या तेच आमच्या बेम्बा बोलीत दुप्पट जोराने ओरडत असे. पापांचा जन्म इथून दोन तासांवरचा. त्यांची बेम्बा माझ्याइतकीच चांगली होती, हे मी त्यांना बाजारात टोमॅटोचा भाव पाडताना ऐकलं होतं. पण इंग्रजी बोलणारा देव जरा वरच्या हुद्द्याचा वाटतो, हे त्यांनी ओळखलेलं होतं.

मी गेर्शोम कापाम्बा. मुफुलिराच्या तांब्याच्या खाणीत तीस वर्षं दिव्याच्या खोलीत काढली. खाली उतरणारा प्रत्येक जण माझ्या खिडकीपाशी आपला पितळी बिल्ला द्यायचा आणि दिवा घ्यायचा. बिल्ला माझ्या खिळ्यावर आहे म्हणजे माणूस जमिनीखाली आहे, एवढा साधा हिशेब. निवृत्त झालो तरी प्रत्येक गोष्ट कोणत्या खिळ्यावरून आली ते बघायची खोड गेली नाही. म्हणून वस्तीत मला बायबलातल्या त्या शिष्यावरून ‘संशयी थोमा’ म्हणतात. म्हणू देत.

त्या रविवारी पापांनी जाता जाता आणखी एक बाण सोडला. “देवदूताने मला सात फोन दाखवले आहेत! बुधवारच्या आत सैतान या सात फोनांचा गळा दाबणार. फोन जिवंत दिसेल, पण त्यातून आवाज येणार नाही आणि जाणारही नाही! अशा फोनाला तुम्ही हात लावू नका. दुकानात नेऊ नका. पांढऱ्या कापडात गुंडाळा आणि माझ्या वेदीखाली ठेवा. तो शनिवारपर्यंत उपास करील आणि जिवंत होऊन उठेल!”

“घेतलं, पापा!”

माझ्या शेजारी म्हातारे कांग्वा बसले होते. ते मला कोपराने ढोसून म्हणाले, “आता बोल की, थोमा! तिचं गाव सांगितलं, सरदार सांगितला. तुझ्या दिव्याने दिसतं का असलं काही?”

“कांग्वादादा, माझ्या दिव्याने फक्त पुढचा खड्डा दिसायचा,” मी म्हणालो. त्यांना ते आवडलं नाही.

घरी आल्यावर प्रिस्काने मक्याच्या पिठाची न्शिमा घोटायला घेतली. मेव्हणा गेल्यापासून ती आणि तिची लेक सम्पा माझ्याकडेच राहतात. कापेंटाच्या तळलेल्या मासळीचा वास घरभर पसरला होता आणि बहिणीचा चेहरा उजळलेला होता. सहा वर्षांत मी तो असा पाहिला नव्हता. त्यामुळे तोंड उघडायला मलाच जड जात होतं.

“प्रिस्का, त्याला आपलं गाव कसं कळलं असेल?”

“झालं याचं सुरू! दादा, देवाने सांगितलं.”

“तू कुणाला बोलली होतीस?”

“इथे कोण विचारतंय मला माझं गाव? पंचवीस वर्षांत कुणी विचारलं नाही. म्हणून तर अंगावर काटा आला ना.” मग ती हळूच म्हणाली, “आणि मागच्या आठवड्यात तुझ्यासाठीही एक चांगलं काम केलंय मी. रागावू नकोस.”

चांगलं काम म्हणजे काय, तर पापांच्या मंडळींनी मैदानाच्या दाराशी टेबल मांडलं होतं. जुन्या ओळखपत्रांवर नवं प्लास्टिकचं आवरण, तेही फुकट! आमची हिरवी कार्डं पाच-दहा वर्षांत कोपऱ्यांतून उलतात, पावसात भिजली की फोटोतल्या माणसाला डाग पडतात. सगळी वस्ती रांगेत उभी राहिली होती. प्रिस्काने स्वतःचं कार्ड दिलं आणि माझ्या ट्रंकेतून माझंही काढून नेलं. शिवाय प्रार्थनेचा कागद भरून दिला. त्यात नाव, फोनचा क्रमांक, दुखणं, आणि ‘नजीकच्या दिवसांत कोणता आशीर्वाद अपेक्षित आहे’ अशी एक ओळ होती.

“काय लिहिलंस त्या ओळीत?”

“खरं तेच. सम्पाच्या बाबांचे खाणीचे पैसे शुक्रवारी फोनवरच्या खात्यात जमा होणार आहेत, ते नीट मिळू देत म्हणून.”

माझा घास हातातच राहिला. सहा वर्षं त्या पैशांसाठी ही बाई खाणीच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवत होती. सम्पाला नर्सिंगच्या शाळेत जागा मिळाली होती. महिनाअखेर फी भरली नाही तर ती जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती.

“अगं, माझा बिल्ला परक्या माणसाच्या हातात दिलास तू!” मी ओरडलोच.

“कार्ड आहे ते, दादा. बिल्ला नाही. आणि बघ किती छान चकाकतंय. माझ्या कपाळावर तेवढा एक हवेचा फुगा राहिलाय प्लास्टिकमध्ये, बाकी एकदम नवं.”

बिल्ला म्हटलं की मला मुम्बा आठवतो. शहाऐंशी साली त्याने आपला बिल्ला देऊन मित्राला आपल्या जागी खाली धाडलं आणि स्वतः दारू प्यायला गेला. खाली दरड कोसळली. खिळ्यावर मुम्बाचा बिल्ला होता, म्हणून मी त्याच्या बायकोला बोलावणं पाठवलं. ती बाई तीन तास छाती पिटून रडली. आणि जी खरी विधवा झाली होती, ती घरी नवऱ्यासाठी पाणी तापवत बसली होती. त्या दिवसापासून मला पक्कं माहीत आहे की माणसाचा क्रमांक हा अर्धा माणूसच असतो. हे मी प्रिस्काला शंभर वेळा सांगितलं असेल, म्हणून या वेळी तिने ऐकलंही नाही.

मंगळवारी सकाळी तिचा फोन मेला.

पडदा उजळत होता, पण ‘सेवा नाही’ एवढीच अक्षरं येत होती. प्रिस्काने तो जमिनीवर ठेवला आणि चार पावलं मागे सरली. दुपारपर्यंत बातमी आली की वस्तीत नेमके सात फोन मुके झाले आहेत. एकही कमी नाही, एकही जास्त नाही! बायका रस्त्यात गुडघे टेकून गाऊ लागल्या. ज्यांचे फोन चालू होते त्यांना आपण मागे पडलो असं वाटू लागलं.

“प्रिस्का, चल, फोनवाल्यांच्या कचेरीत जाऊ. दहा मिनिटांचा रस्ता आहे.”

“पापांनी सांगितलंय, दुकानात नेला तर सैतान घरातल्या माणसात शिरेल. घरात सम्पा आहे, दादा.”

“आणि पैसे?”

“शनिवारी फोन उठेल. पैसे कुठे पळून जातात?”

पैसे शुक्रवारी येणार आणि उपास शनिवारी सुटणार. हे मला मुळीच आवडलं नाही. पण तिने आपल्या हाताने फोन पांढऱ्या रुमालात बांधला आणि वेदीखाली ठेवून आली. आई आपल्या लेकरासाठी घाबरली की तिच्यापुढे कुणाचंच काही चालत नाही.

मग मी माझ्या पद्धतीने निघालो. सातही घरी गेलो, चौकशी केली. कांग्वादादांनी नुकतीच आपली मिनीबस विकली होती आणि सगळे पैसे फोनवर होते. एका बाईला लुसाकाच्या मुलाने घर बांधायला रक्कम पाठवली होती. एकाची भिशी लागली होती. सातही जणांच्या फोनवर काहीतरी आलेलं होतं किंवा येणार होतं. सैतान मोठा चोखंदळ निघाला. ज्याच्या फोनमध्ये दमडी नाही, अशा एकाही गरिबाचा गळा त्याने दाबला नव्हता.

“दादा, तुम्ही प्रार्थनेच्या कागदावर मिनीबसचं लिहिलं होतंत का?” मी कांग्वांना विचारलं.

“लिहिलं. देवापासून काय लपवायचं?”

“देवापासून काही नको लपवायला. पण देवाला कागद कशाला लागतो?”

“थोमा,” ते दार लावून घेत म्हणाले, “तुझ्या जिभेपायी एक दिवस वीज पडेल तुझ्यावर.”

बुधवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला मी प्रिस्काबरोबर गेलो आणि मुद्दाम दुसऱ्या रांगेत बसलो. पुढे वेदी, तिच्याखाली सात पांढरी बोचकी ओळीने निजलेली. मी काही बोलायच्या आधीच पापांनी मला हेरलं. वस्तीतला नास्तिक स्वतःच्या पायांनी आलाय, ही बातमी त्यांच्या कानावर गेलेली असणार. असा मासा गळाला लावला तर सगळा तलाव आपला, हा हिशेब त्यांनी केला. आणि तिथेच ते फसले.

“गेर्शोम!” ते कडाडले. “गेर्शोम कापाम्बा! तुला वाटतं मी तुला ओळखत नाही?”

“गेर्शोम!” दुभाष्या किंचाळला.

“तू संशय घेतोस, तरी देव तुला हाक मारतोय. मला तुझं गाव दिसतंय. एक ओढा आहे. मसुकूची झाडं आहेत. तुझ्या आजीची कबर आहे, गवताने झाकलेली. ती रडतेय, गेर्शोम! म्हणतेय, माझा नातू कापालाला का येत नाही? कापाला गाव! सरदार इलुंदुचं कापाला!”

“घेतलं, पापा!” तंबू हादरला. कांग्वादादा माझ्याकडे बोट दाखवून नाचायला लागले.

मी उठलो नाही, पडलो नाही. मी बहिणीकडे बघितलं. टाळी वाजवायला उचललेले तिचे हात तसेच राहिले होते.

इथे मला आमच्या घरातली एक जुनी थट्टा सांगितली पाहिजे. एकोणऐंशी साली मी सोळा वर्षांचा होतो. कार्ड काढायला रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे कापालाचा एक पोरगा होता. कारकून घाईत होता. त्याने माझं नाव बरोबर लिहिलं आणि गाव, सरदार मात्र आधीच्या पोराचेच पुन्हा उतरवले. मी सांगितलं तर म्हणाला, “पुढच्या वर्षी ये.” ते पुढचं वर्ष चाळीस वर्षांत आलं नाही. कार्ड नवं करताना दर वेळी जुन्यावरून तीच चूक उतरली. कापाला गाव मी जन्मात पाहिलेलं नाही. घरी सगळे मला ‘कापालाचा पाहुणा’ म्हणून चिडवत. सगळ्यात जास्त चिडवायची ती प्रिस्का.

ती उभी राहिली. झेलायला सेवक धावले, पण ती पडत नव्हती.

“पापा,” ती म्हणाली, “रविवारी तुम्ही माझं गाव मुकोशी सांगितलंत.”

“देवदूताने सांगितलं, मुली.”

“हा माझा सख्खा भाऊ आहे. आई एक, बाप एक, आजी एक. ती आजी मुकोशीत आमच्या अंगणामागे पुरलीय. तिच्या कबरीवर मी स्वतः माती टाकलीय. मग ती कापालाला रडायला कधी गेली?”

दुभाष्याने हे कुणासाठी, कोणत्या भाषेत ओरडावं ते त्याला कळेना.

“सैतानाने याचं गाव बदललंय!” पापा ओरडले. या वेळी मात्र अस्सल बेम्बात.

“सैतानाने नाही, कारकुनाने!” प्रिस्काचा आवाज चढला. “सरकारी कारकुनाने चुकून लिहिलंय ते. साऱ्या जगात एकाच जागी दादाचं गाव कापाला आहे, आणि ती जागा म्हणजे त्याचं हिरवं कार्ड. तेच कार्ड मी तुमच्या टेबलावर दिलं होतं. या माझ्या हातांनी! पापा, तुमचा देवदूत आमची कार्डं वाचतो का हो?”

मी खिशातून माझं चकाकतं कार्ड काढलं आणि शेजारच्याला दिलं. ते हातोहात फिरलं. लोक आपापली कार्डं काढून बघायला लागले. नाव, जन्मतारीख, गाव, सरदार. सगळं तिथेच छापलेलं होतं. वर्षानुवर्षं छातीशी बाळगलेलं, म्हणूनच कुणी कधी वाचलेलं नव्हतं.

“थांबा! देवाची परीक्षा घेऊ नका! सैतान तुमच्यात शिरेल!” पापा आरडाओरडा करत होते. पण प्रिस्का वेदीपाशी पोचली होती. सम्पाचं नाव घेऊन जी बाई दोन दिवस घाबरली होती, तिने सातांतलं आपलं बोचकं उचललं आणि रुमाल सोडला.

गुरुवारी कचेरी उघडायच्या आधीच आम्ही पायरीवर होतो. खिडकीतल्या मुलीने क्रमांक पाहिला आणि म्हणाली, “मावशी, हा नंबर मंगळवारी सकाळी दुसऱ्या सिमवर गेलाय. सिम हरवलं म्हणून तुम्हीच अर्ज केलाय. ही बघा तुमच्या कार्डाची प्रत.”

प्रतीतल्या प्रिस्काच्या कपाळावर हवेचा तो फुगा स्पष्ट दिसत होता. म्हणजे प्रत काढली गेली ती पापांच्या प्लास्टिकनंतर. ती मुलगी हुशार होती, तिने पुढे काही विचारलं नाही. चोराकडचं सिम तिने तिथल्या तिथे बंद केलं आणि क्रमांक प्रिस्काला परत दिला. शुक्रवारी दुपारी फोन वाजला. सहा वर्षांचे पैसे आले. प्रिस्का पदपथावरच बसली आणि हमसून रडली, आणि मीही रडलो. लाजायचं काय त्यात?

इथून पुढे मी त्या पापाला अहो-जाहो करणार नाही. हेझेकाया बुधवारी रात्रीच तंबू सोडून पळाला. दोन सेवक आणि सिम विकणारा एक फिरता एजंट पोलिसांना सापडले. भाड्याच्या घरात प्लास्टिक लावायचं यंत्र होतं आणि आमच्या कार्डांच्या प्रतींनी भरलेले चार खोके. त्यांतून सगळा चमत्कार उलगडला. कार्डावरून गाव आणि सरदार. प्रार्थनेच्या कागदावरून फोन, आणि कुणाकडे कधी पैसा येणार ते. मग कार्डाची प्रत दाखवून एजंटामार्फत त्याच क्रमांकाचं नवं सिम काढायचं. नवं सिम जिवंत झालं की जुनं आपोआप मरतं. तोच सैतानाने दाबलेला गळा! पैसे काढायला चार आकड्यांचा गुप्त क्रमांक लागतो. तो निम्म्या लोकांनी आपलं जन्मसालच ठेवलेला असतो, आणि जन्मसाल कार्डावर असतंच. उपास कशासाठी, तर माणसाने कचेरीत जाऊ नये यासाठी. फोन चार दिवस भुकेला राहिला, तेवढ्या वेळात पापा जेवून मोकळा.

कांग्वादादांची मिनीबस गेली ती गेलीच. मंगळवारी दुपारीच त्यांचा फोन रिकामा झाला होता. मी भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, “गेर्शोम, मला वाटलं आपलं गाव म्हणजे आपल्या रक्तात असतं. ते कागदावरून कुणी वाचेल, असं डोक्यातच आलं नाही.” त्यांनी मला पहिल्यांदाच माझ्या नावाने हाक मारली होती. मला त्याचा आनंद झाला नाही.

म्हणून सांगतो, आणि हात जोडून सांगतो. तुमचं नाव, तुमचा क्रमांक, तुमचं जन्मसाल कुणी घडाघडा म्हणून दाखवलं तर गुडघे टेकू नका. उलट विचारा, बाबा रे, कुठल्या खिळ्यावरून काढलंस हे? कार्ड आपल्या डोळ्यांआड जाऊ देऊ नका, मग ते देवाचं टेबल असो की सरकारचं. गुप्त आकडे कार्डावरचे ठेवू नका. फोन अचानक मुका झाला तर वेदीकडे नाही, कचेरीकडे धावा, आणि आजच धावा. देवावर विश्वास ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा. पण देवाला तुमच्या कार्डाची प्रत लागत नाही.

सम्पा परवा नर्सिंगच्या शाळेत गेली. निघताना म्हणाली, “मामा, आता तरी जाऊन गाव दुरुस्त करून घे.” घेईन म्हणालो. पण तिला बसमध्ये बसवून परत येताना मला एकच गोष्ट छळत होती. आम्ही शहाणे होतो म्हणून वाचलो नाही. चाळीस वर्षांपूर्वी एक कारकून घाईत होता, म्हणून वाचलो. तुमच्या कार्डावर सगळं अगदी बरोबर लिहिलेलं असेल. तेव्हा ते जपा.